भावना ओतून चित्र होत नाही

एक्स्प्रेशनिझमबद्दल कुठंही शोधा. रीलवर, यूट्यूबवर, एखाद्या दिवाळी अंकातल्या लेखात. पहिल्या दोन मिनिटांत एक वाक्य भेटतंच: या चित्रकारांनी आपल्या भावना कॅनव्हासवर ओतल्या. त्याच्या पाठोपाठ एक तक्ता येतो. लाल म्हणजे राग. निळा म्हणजे उदासी. पिवळा म्हणजे आनंद. काळा म्हणजे मरण. तक्ता हातात आला की चित्राकडे बघायची गरज उरत नाही. घोडा निळा दिसला, म्हणजे चित्रकार उदास होता, चला पुढचं चित्र.

माझा या वाक्यावर राग आहे आणि तक्त्यावर त्याहून जास्त. दोन्ही चुकीचे आहेत म्हणून तर आहेच. पण त्यांची सवय लागली की माणूस चित्रांखेरीज इतर गोष्टींतही फसतो. ‘मनापासून आलंय’ एवढ्या एका दाखल्यावर आपण कविता पास करतो, भाषणं पास करतो, माणसंही पास करतो. हा दाखला किती पोकळ आहे, ते एक्स्प्रेशनिझमच्याच इतिहासात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

दोन मित्र आणि एक पिवळा

डिसेंबर १९१०मध्ये फ्रांझ मार्कनं आपला चित्रकार मित्र आउगुस्ट माके याला एक पत्र लिहिलं आणि त्यात रंगांची स्वतःची मांडणी केली. निळा म्हणजे पुरुषतत्त्व, कठोर आणि आध्यात्मिक. पिवळा म्हणजे स्त्रीतत्त्व, सौम्य, आनंदी, इंद्रियसुखाचं. लाल म्हणजे जडद्रव्य, दांडगं आणि वजनदार. यातलं स्त्री-पुरुष प्रकरण आज वाचताना कसंतरी होतं, पण ते क्षणभर बाजूला ठेवू. मार्कच्या यादीत निळा उदास नाही, एवढं आधी लक्षात घ्या. म्हणजे त्याच्या निळ्या घोड्यांवर ‘उदासी’ अशी पट्टी चिकटवणारे त्याचं स्वतःचं म्हणणंही वाचत नाहीत.

बरोबर एका वर्षानं, डिसेंबर १९११मध्ये, वासिली कँडिन्स्कीचं कलेतल्या आध्यात्मिकतेवरचं पुस्तक म्युनिकमध्ये बाहेर आलं. निळ्याबाबत तो मार्कच्या जवळपास आहे. त्याला निळा आकाशाकडे, आत खेचणारा वाटतो. पण पिवळा? कँडिन्स्कीचा पिवळा अंगावर येतो. तो पार्थिव आहे, त्याला खोली नाही, तो कर्ण्यासारखा कर्कश होतो, आणि माणसाच्या अवस्थांमध्ये त्याचं नातं वेडाच्या झटक्याशी लागतं. एकाचा पिवळा मायाळू, दुसऱ्याचा पिवळा धावून येणारा. आणि हे दोघं ‘ब्लाऊ रायटर’चे संस्थापक, त्याच नावाच्या १९१२च्या अल्मनाकचे दोन संपादक! ज्यांच्या नावानं तक्ता फिरतो, त्यांचंच एका रंगावर एकमत नव्हतं.

मार्कच्या त्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या मते तीच मुख्य. तो म्हणतो, निळ्यात लाल मिसळून जांभळा केलात तर निळ्याचा शोक असह्य होतो, आणि मग जांभळ्याला पूरक असलेला पिवळा शेजारी आणावाच लागतो. म्हणजे शोक निळ्याच्या डबीत आधीपासून भरलेला नाही. दोन रंग भेटले की तो तयार होतो, आणि तिसरा आला की त्याचा तोल बदलतो. हे कोष्टकापेक्षा व्याकरणाच्या जास्त जवळ जातं. शब्दाचा अर्थ वाक्यात ठरतो, तसं.

आपल्याला हे समजायला म्युनिकला जायचीही गरज नाही. हळद लागलेल्या अंगावरचा पिवळा आणि कावीळ झालेल्या डोळ्यांतला पिवळा, दोन्ही आपण घरात पाहिलेत. एकीकडे गाणी म्हणतात, दुसरीकडे डॉक्टरकडे पळतात. पिवळा तोच. तो कुठं आहे आणि कशाशेजारी आहे, यावर सगळं ठरतं. एवढं साधं ज्ञान घरात असताना आपण ‘पिवळा म्हणजे आनंद’ का मान्य करतो?

ओतणं म्हणजे नेमकं काय

आता ‘ओतल्या’ या क्रियापदाकडे येतो. त्यात असं गृहीत आहे की भावना आत तांब्यात भरून ठेवलेली असते, चित्रकार फक्त तांब्या वाकडा करतो.

एडवर्ड मुंकची किंकाळी घ्या. मुंक जर्मन एक्स्प्रेशनिस्टांच्या आधीचा, पण सगळे त्याच्याकडे बघत होते. ‘किंकाळी’ हे एका भयाण संध्याकाळी एका झटक्यात उमटलेलं चित्र असेल, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात १८९३मध्ये त्याची एक आवृत्ती क्रेयॉनमध्ये आणि एक टेम्पेरा व क्रेयॉनमध्ये झाली. १८९५मध्ये पेस्टलमध्ये आणखी एक, त्याच वर्षी काळंपांढरं लिथोग्राफ, आणि पुढं टेम्पेरामध्ये १९१०च्या सुमाराची अजून एक. जवळजवळ सतरा वर्षं माणूस त्याच किंकाळीवर काम करतो आहे. साधनं बदलतो आहे, काय टिकतं आणि काय जातं ते तपासतो आहे. आणि तो लाल ढगांचा पट, ज्याच्यावर सगळं विवेचन उभं असतं, तो लिथोग्राफमध्ये नाहीच. किंकाळी तरीही ऐकू येते.

ड्रेस्डेनमध्ये ७ जून १९०५ला ‘ब्र्युके’ हा गट स्थापन झाला. किर्शनर, हेकेल, श्मिट-रोटलुफ आणि ब्लाइल हे चौघंही आर्किटेक्चरचे विद्यार्थी होते. तांत्रिक शाळेत ड्रॉइंग बोर्डावर रेषा ओढणारी पोरं, म्हणजे आपल्यातलीच. मला यात एक खासगी आनंद आहे, कारण इंजिनिअरिंग केलेल्यांना कलेतलं काय कळतं, असं मला वर्षातून चारदा तरी ऐकवलं जातं.

इथं माझ्या विरोधकांकडे एक चांगला पत्ता आहे, तो मी लपवत नाही. ब्र्युकेच्या १९०६च्या जाहीरनाम्याचा रोख असा आहे की, ज्याला आतून निर्मितीची ऊर्मी आहे आणि जो ती थेट, अस्सलपणे मांडतो, तो आमचा. मग झालंच की! ‘थेट’ म्हणजे ओतणंच ना?

पण त्यांनी ‘थेट’साठी काय केलं ते बघा. मॉडेलनं दर पंधरा मिनिटांनी पोज बदलायची, आणि तेवढ्यात चित्र संपवायचं, असा त्यांचा रियाज होता. हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. तबल्यावर बोट विचार न करता पडायला लागतं, त्याच्या मागं हजारो वेळा विचार करून पडलेली बोटं असतात. थेटपणा त्यांनी कमावला होता.

किर्शनरचं ‘ड्रेस्डेनमधला रस्ता’ हे १९०८चं चित्र न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयात आहे. फोनवर उघडा. रस्ता गुलाबी आहे. चक्क गुलाबी, रुंद, वर चढत जाणारा. मधोमध मोठी टोपी घातलेली एक लहान मुलगी, उजवीकडे आपल्याकडे चालत येणाऱ्या बायका, त्यांचे मुखवट्यासारखे चेहरे. तक्त्याप्रमाणे गुलाबी म्हणजे प्रेम, कोवळीक, फार तर स्ट्रॉबेरी मिल्कशेक. इथं तो पायाखालची जमीन काढून घेतो. कारण रस्ता कसा असतो ते तुम्हाला माहीत आहे आणि हा तसा नाही; त्यामुळं माणसं कशावर उभी आहेत, ते ठरेना होतं. या चित्रावर किर्शनरनं १९१९मध्ये पुन्हा काम केलं. अकरा वर्षांनी! आणि आपल्या चित्रांवर आधीच्या तारखा टाकायची खोड त्याला होती, हे आता सगळे अभ्यासक मानतात. उत्स्फूर्ततेचा हा महापुरुष घरी बसून आपल्या उत्स्फूर्ततेचं संपादन करत होता. याला मी लबाडी म्हणेन तारखांपुरतं. चित्रापुरतं मी याला काम म्हणतो.

काळ्याचं काय करायचं

रंग म्हणजेच भावना असेल, तर रंग काढून घेतल्यावर भावनाही जायला हवी. केटे कोलविट्झला एक्स्प्रेशनिस्टांत धरायचं की नाही यावर वाद आहे, पण तिचा दाखला टाळता येत नाही. तिचा धाकटा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४मध्ये, महायुद्ध सुरू होऊन तीन महिनेही झाले नव्हते तेव्हा, मारला गेला. युद्धावरची तिची सात काष्ठमुद्रांची मालिका १९२१-२२मधली. मधल्या सात वर्षांत दुःख कमी पडलं म्हणून ती थांबली होती काय? तिला माध्यम सापडत नव्हतं. एचिंग करून झालं, लिथोग्राफ करून झालं. मग १९२०मध्ये एर्न्स्ट बार्लाखच्या काष्ठमुद्रा पाहिल्यावर ती लाकडाकडे वळली. त्या मालिकेत ‘आईबाप’ नावाची मुद्रा आहे. गुडघे टेकून एकमेकांत कोसळलेली दोन माणसं, जवळजवळ एकच काळा ढीग. मुलगा गमावलेल्या बाईची भावना खरी होती की नाही, हा प्रश्नच नाही. पण खरी भावना असूनही सात वर्षं चित्र जमत नव्हतं. ‘ओतल्या’ म्हणणाऱ्यांनी या सात वर्षांचा हिशेब द्यावा.

आपल्याकडे साळगावात जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा आहे. मुंबईत १९४७मध्ये ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ उभा राहिला, तेव्हा त्या तरुणांना युरोपातली आधुनिक चित्रकला दाखवणारी, त्यांची चित्रं विकत घेणारी, त्यांच्यावर लिहिणारी जी माणसं होती, त्यांत वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडेन आणि इमॅन्युएल श्लेसिंगर हे तिघं होते. नाझींमुळं युरोप सोडून मुंबईत आलेले. म्हणजे हा धागा आपल्याकडे कुठल्या अभ्यासक्रमातून आलेला नाही, बोटीतून आलेल्या निर्वासितांच्या डोळ्यांतून आलाय. पुढं लंडनमध्ये सूझानं १९६५च्या सुमाराला काळ्यावर काळा अशी चित्रं केली, आणि १९६६मध्ये ग्रोव्हनर गॅलरीत ती मांडली. दुरून बघितलं तर नुसता काळा पडदा. जवळ जाऊन, अंगानं इकडंतिकडं सरकून, उजेड रंगाच्या जाड थरावर पडला की चेहरा दिसतो. तुमच्या तक्त्यात काळा म्हणजे मरण. इथं काळा म्हणजे ‘जरा सरक, नीट बघ’.

माझ्या धंद्यातला तक्ता

हा तक्ता चित्रकलेच्या वर्गापुरता राहिला असता तर मी हा लेख लिहिला नसता. पण तो मी रोज बनवतो. मी सॉफ्टवेअर लिहितो. एका अ‍ॅपमध्ये रोज संध्याकाळी ‘आज कसं वाटतंय?’ विचारणारा स्क्रीन होता: पाच चेहरे, पाच रंग. उदासला निळा द्यायचा हे बैठकीत ठरलंसुद्धा नाही. तो आधीपासून ठरलेला होता. वापरणारा माणूस काय करतो? आतली अवस्था घेऊन येतो आणि पाचांतल्या एका डबीत बसवतो. महिनाअखेरीला त्याला रंगीत चौकोनांचा तक्ता मिळतो. आपला महिना. नवरात्रात व्हॉट्सअ‍ॅपवर नऊ रंगांचं वेळापत्रक येतं, त्यात निदान देवीच्या नावानं गंमत असते.

बटण हिरवं असावं की लाल याला माझी हरकत नाही. तिथं तक्ता लागतोच. पण तो संकेत आहे, निसर्गनियम नाही. आपल्या शेअरच्या अ‍ॅपवर भाव वाढला की हिरवा दिसतो. चीन आणि जपानमध्ये वाढलेला भाव लाल रंगात दाखवतात. सिग्नल आणि चित्र यांतला फरक विसरलो की चित्राचाही सिग्नल होतो.

आणि मग फिल्टर. २०१५मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी एक पेपर लिहिला. नेकार नदीकाठच्या घरांचा साधा फोटो घेऊन त्यांनी तो वेगवेगळ्या चित्रांच्या ‘स्टाइल’मध्ये करून दाखवला, त्यात मुंकची ‘किंकाळी’ होती आणि कँडिन्स्कीचं ‘कॉम्पोझिशन ७’ही होतं. पुढच्याच वर्षी प्रिझ्मा अ‍ॅप आलं आणि सगळ्यांचे डीपी रंगीत झाले. त्या पद्धतीचं गणित मला आवडतं, खरंच सुंदर आहे. न्यूरल नेटवर्कमधून चित्र गेलं की कुठल्या खुणा कुठल्या खुणांसोबत किती वेळा येतात, त्याची बेरीज चित्रभर केली जाते. त्या बेरजेला ग्राम मॅट्रिक्स म्हणतात. ही बेरीज करताना एक गोष्ट मुद्दाम पुसली जाते: कुठं. लगतच्या फटकाऱ्यांचा पोत टिकतो, पण चित्रात तो रंग वर होता की खाली, बाईच्या चेहऱ्यावर होता की तिच्या पायाखाली, ही माहिती जाते. ‘स्टाइल’ म्हणजे जागा पुसल्यावर जे उरतं ते.

आता मार्कचं पत्र आठवा, किर्शनरचा गुलाबी रस्ता आठवा. तिथं सगळा खेळ ‘कुठं’चा आहे. गुलाबी रस्त्यावर होता म्हणून भीती वाटली; तोच गुलाबी फ्रॉकवर असता तर कुणी वळून पाहिलं नसतं. गणिताचा यात दोष नाही, त्यांनी आपली व्याख्या स्पष्ट सांगितली होती. दोष आपला, की आपण त्या उरलेल्या चोथ्याला एक्स्प्रेशनिझम म्हणतो. आणि ते आपल्याला चालतं, कारण तक्त्यानं आधीच शिकवलंय की भडक रंग आणि वाकडी रेष आली म्हणजे भावना आली.

मनापासून होतं, मग?

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे, आणि तो एमिल नोल्डेचा आहे.

नोल्डेचे समुद्र, ढग आणि फुलं बघितलीत तर तुमचा श्वास अडकेल. रंगाचा एवढा मोठा माणूस त्या पिढीत क्वचितच झाला. १९३७मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून ‘अधःपतित’ कला उचलली, तेव्हा सर्वाधिक कामं नोल्डेची गेली: १०५२. त्याच वर्षी १९ जुलैला म्युनिकमध्ये ‘अधःपतित कला’ हे टिंगलीचं प्रदर्शन उघडलं. तिथं साडेसहाशेच्या आसपास कलाकृती होत्या, वीस लाखांवर लोक आले, आणि नोल्डे त्यात ठळकपणे होता. १९४१मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी आली. युद्धानंतर तो छळ सोसलेला महान कलावंत म्हणून मिरवला, आणि जर्मनीनं त्याला तसं मिरवू दिलं.

पण नोल्डे स्वतः १९३४पासून नाझी पक्षाचा सदस्य होता. ज्यूंचा द्वेष करत होता. छळ चालू असतानाही, आपली कला हीच खरी जर्मन कला आहे हे सत्ताधाऱ्यांना पटवण्याची धडपड करत होता. २०१९मध्ये बर्लिनच्या एका प्रदर्शनात हे सगळं कागदपत्रांसह मांडलं गेलं. त्याच सुमाराला चॅन्सेलर अंगेला मेर्केल यांच्या कार्यालयातली नोल्डेची चित्रं उतरली.

‘मनापासून’ची परीक्षा लावून बघा. नोल्डे शंभर टक्के पास होतो. त्याचं समुद्रावरचं प्रेम मनापासून होतं आणि द्वेषही मनापासूनच होता. भावनेची तीव्रता हा तिच्या बाजूनं पुरावा नसतो. हे चित्रकलेत पचवायला सोपं आहे, कारण माणूस मेलाय आणि जर्मन आहे. तुमच्या फोनवर रोज रात्री कुणीतरी डोळ्यांत पाणी आणून काहीतरी बोलतो, आणि खाली कॉमेंट येते, ‘दादा, काळजातून बोललास.’ बोललाच असेल. पण काय बोलला?

उलट बाजूनंही हा सौदा करू नका. नाझींनी छळलं म्हणून चित्र थोर, असंही नाही. १८ जुलै १९३७च्या भाषणात हिटलरनं, ज्यांना कुरणं निळी, आकाश हिरवं आणि ढग गंधकासारखे पिवळे दिसतात, त्यांच्या डोळ्यांतच दोष असावा आणि तो पुढच्या पिढीत जाऊ नये म्हणून सरकारनं बघावं, अशा अर्थाची धमकी दिली होती. तक्ता सरकारच्या हातात गेला की हे होतं: आकाशाला ठरलेला रंग, आणि तो चुकवणाऱ्याला गृहखातं. पण या धमकीचं हसूही होतं. मार्कचं ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ त्या टिंगलीच्या प्रदर्शनात लावलं होतं. मार्क १९१६मध्ये व्हर्दनला लढताना मेला होता. त्यामुळं माजी लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनं निषेध केला आणि चित्र तिथून काढावं लागलं. घोडे निळेच होते. वाचवलं ते चित्रकाराच्या लष्करी नोंदीनं. पुढं ते चित्र गहाळ झालं आणि आजवर सापडलेलं नाही. सारांश, चित्राच्या बाजूनं आणि विरोधात बोलणारे दोघंही चित्र सोडून बाकी सगळं बघत होते.

‘मग चित्र बघून रडू येतं ते खोटं का?’ असं कुणी विचारेल. अजिबात खोटं नाही. पण ते तुम्हाला येतं. समोर रंगांची एक विशिष्ट मांडणी आहे म्हणून येतं, आणि ती मांडणी कुणीतरी महिनोन् महिने खपून केलेली आहे. तिला ‘भावना ओतल्या’ म्हणणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ‘तुमच्या हातालाच चव आहे हो’ म्हणून तिची चाळीस वर्षांची मेहनत एका वाक्यात गडप करणं.

तेव्हा एक करा. मार्कचं १९११चं ‘पिवळी गाय’ फोनवर उघडा. उड्या मारणारी पिवळी गाय, अंगावर निळे ठिपके, मागं निळे डोंगर, पुढं लाल जमीन. आता अंगठा गाईच्या निळ्या ठिपक्यांवर ठेवा आणि पिवळ्याचं काय होतं ते बघा. मग अंगठा उचला आणि डोंगर झाका. मग लाल जमीन. प्रत्येक वेळी गाय वेगळी दिसेल. का वेगळी दिसते, ते स्वतःच्या शब्दांत सांगायचा प्रयत्न करा. ‘आनंद’ हा शब्द न वापरता.